मुठीआडचा गंज

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आखूड तलवार म्यानातून बाहेर आली. कारखान्याच्या मागच्या खोलीत त्या वेळी पाच माणसं होती आणि कोणीही बोलत नव्हतं.

बोलायची सोयच संग्रहालयाच्या बाईंनी ठेवली नव्हती. म्यानाला हात लावण्याआधी त्यांनी कोऱ्या कागदाची घडी ओठांत धरली, श्वासाची वाफ पात्यावर बसू नये म्हणून, आणि बाकीच्यांना हातानंच दोन पावलं मागं सरकवलं. मग मान लववली. कुणापुढं, ते कळलं नाही. धार वर आणि पाठ खाली ठेवून त्यांनी म्यान ओढलं तेव्हा आवाज झाला नाही. या घराण्याच्या तीन पिढ्या कात्र्या, सुऱ्या, वस्तऱ्यांना धार लावण्यात गेल्या होत्या. लोखंड लाकडातून निघताना कसं कुरकुरतं ते इथं सगळ्यांना पाठ. हे पातं मात्र पाण्यातून मासा वर यावा तसं आलं.

दादा टेबलाच्या टोकाला उभे होते. भावांत थोरले म्हणून जागा तीच. त्यांची नजर पात्यावर नव्हती, मुठीवर होती. मुठीच्या मधोमध बांबूची खुंटी होती, वाटाण्याएवढ्या तोंडाची. खुंटी निघाली की मूठ निघणार, मूठ निघाली की आत दडलेली पात्याची शेपटी दिसणार आणि शेपटी दिसली की बारा वर्षांपूर्वी दादांनी काय केलं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसणार. ते आजवर फक्त दोघांना ठाऊक होतं. दुसरे म्हणजे त्यांचे बाबा, आणि ते गेल्या वर्षी वारले.

बाईंनी तोंडातला कागद काढून खिशात ठेवला. "लांबी घ्या. पण टेकवू नका."

धाकट्या भावानं पट्टी धरली. "अठरा इंचाला एक सूत कमी."

"पत्रात काय आहे?"

पत्र ताईंकडे होतं. ताई तिन्ही भावंडांत मोठ्या, आणि बाबांच्या कपाटाची किल्ली बाबांच्या कमरेवरून थेट त्यांच्या पर्समध्ये आलेली. त्यांनी चष्मा लावला. "जपानी मापात लिहिलंय. खाली सेंटिमीटर दिलेत. साडेपंचेचाळीस."

"म्हणजे तेवढीच," बाई म्हणाल्या.

पत्र जपानातल्या एका मास्तरणीचं होतं. तिचे आजोबा सैन्यात डॉक्टर. युद्ध संपल्यावर ज्या छावणीत त्यांना ठेवलं होतं, तिथं पहारेकऱ्यांच्या बाजूनं हत्यारांना धार लावणारा एक विशीतला पोरगा होता. ते बाबा. डॉक्टरांच्या कात्र्यांनाही तेच धार लावून देत. शस्त्रं जमा करायच्या दिवशी डॉक्टरांनी ही तलवार ढिगात न टाकता बाबांच्या हातात दिली होती. खुणेनंच सांगितलं होतं, ठेव, माझ्या घरचे न्यायला येतील. कोणी आलं नाही. बाबा साठ वर्षं वाट पाहून गेले. जाताना एवढंच म्हणाले, ज्याची आहे त्याला पोचवा. मग धाकट्यानं इंटरनेटवर ही हकिगत लिहून फोटो टाकला आणि सात महिन्यांनी हे पत्र आलं. सोबत त्यांच्या घरातल्या जुन्या यादीची नक्कल होती: आखूड तलवार, एक. लांबी अमुक. कारागिराचं नाव तमुक, दुसऱ्या पिढीच्या हातची. शेपटीच्या एका अंगाला नाव, दुसऱ्या अंगाला तारीख.

खोच होती ती 'दुसऱ्या पिढी'त. बाईंनी ती आल्या आल्याच समजावली होती. त्या कारागिरांत बापाचं नाव मुलगा घेई, मुलाचं नातू. एकाच सहीचे तीन-चार लोहार होऊन गेले. कोणता ते तारखेवरून ठरायचं. तारीख जुळली तर ही त्यांचीच. नाही जुळली, तर बाबांनी साठ वर्षं सांगितलेली गोष्ट गोष्टच राहणार.

"जरा इकडे या," बाईंनी दादांना बोलावलं. "तुम्ही धारेतले. तुम्हाला हे बघायला हवं."

दादा नाइलाजानं पुढं झाले. बाईंनी पातं उत्तरेच्या खिडकीकडे रोखलं आणि इंचभर तिरकं केलं.

आणि धुकं दिसलं.

धारेला लागून, टोकापासून मुठीपर्यंत, पोलादात एक पांढुरकी रेघ तरंगत होती. रेघही म्हणवत नव्हतं. पहाटे नदीच्या काठाकाठानं धुकं सरकावं तशी ती चढत होती, उतरत होती, आणि पातं केसभर हललं की विरत होती. तिच्यावरच्या भागात पोलादाला रेषा होत्या, लाकडाला रंधा मारल्यावर दिसतात तशा. दादांनी हे पातं शंभरदा पाहिलं होतं. बाबा दर रविवारी त्याला तेलाचं बोट फिरवायचे. पण या खिडकीशी, या कोनात कधी धरलं नव्हतं.

"हे वरून काढलेलं नाही?" दादांच्या तोंडून निघालं.

"नाही. आतलं आहे. तापवण्याआधी पात्याला मातीचा लेप देत. धारेवर पातळ, पाठीवर जाड. मग पाण्यात. धार एका क्षणात गार झाली, म्हणून टणक. पाठ सावकाश, म्हणून चिवट. दोन्ही जिथं भेटल्या ती ही जागा. ते एका श्वासात होतं, दुसरी संधी नाही."

"म्हणजे माणसानं पाण्यात घातली ती वेळ दिसतेय आपल्याला," धाकटा हळूच म्हणाला. एरवी त्याला गंभीर व्हायची सवय नव्हती.

"हो. साधारण तीनशे चाळीस वर्षांपूर्वीची, माझ्या अंदाजानं."

ताईंनी पदर तोंडाशी नेला. दादा क्षणभर खुंटी विसरले. आयुष्यभर ते लोखंडाला ताब्यात घ्यायची वस्तू समजत आले होते. चाकावर धरा, दाबा, चमकवा. इथं एक कोणीतरी लोखंडाला विचारून गेला होता, आणि लोखंडानं उत्तर दिलं होतं.

"अंदाज कशावरून?" दारातून आवाज आला. दादांची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. ती खोलीत होती, पण उंबऱ्याच्या आत फार आली नव्हती.

"घडणीवरून," बाई म्हणाल्या. "वाक कमी आहे आणि टोकाकडं पातं निमुळतं होत जातं. त्या काळात अशी पसंत करत. पण पसंती पुन्हा पुन्हा येते. खात्री शेपटीतच मिळेल."

"मूठ आज काढायलाच हवी का?" दादा म्हणाले. "वर गुंडाळलेली दोरी जुनी आहे. विस्कटली तर परत बांधणारा मिळायचा नाही."

"दोरीला काही होत नाही, दादा," धाकटा हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणायचंय का तुला? मी तर म्हणतो, उघडू, बघू, आणि दर्शनी भागात काचेच्या पेटीत लावू. गिऱ्हाईक बोर्ड बघून नाही, पेटी बघून येईल."

"पेटी-बिटी काही नाही," ताई कडाडल्या. "बाबा म्हणाले पोचवा. पोचवायची."

"जुळली तर ना!"

"जुळेल. बाबा खोटं बोलले नाहीत कधी." ताईंनी पत्र घडी केलं आणि दाराकडं न बघता पुढं म्हणाल्या, "बोलायचेच कमी. शेवटची अकरा वर्षं तर पोटच्या पोराशीही नाही. कोणाच्या जिभेमुळं, ते सगळ्यांना माहीत आहे."

ट्रेमधले कप एकदा किणकिणले.

या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या पंचाहत्तरीच्या जेवणात वहिनी हसत म्हणाली होती, बाबा, आता तरी हात थांबवा, चाकं पोरांना फिरवू द्या. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी दादांशी बोलणं टाकलं. शेजारी उभं राहून काम करायचे, पण निरोप तिसऱ्याकडून. त्याला सांगा, पाणी बदल. त्याला सांगा, पट्टा सैल झालाय. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार ते उघड होतं. वहिनीनं दोनदा पाया पडून माफी मागितली. बाबा दोन्ही वेळा म्हणाले, "तुझं काही नाही, पोरी." ते त्यांचं मोठेपण, असं ताईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. दादा मूग गिळून बसले. आज सांगू, उद्या सांगू, बाबांचा राग निवळला की सांगू. अकरा वर्षं गेली, बाबा गेले, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही.

"ताई, आता नको," धाकटा म्हणाला.

"मी काही नाव घेतलं का?"

"चहा गार होतोय," वहिनी म्हणाली.

दादांनी कप घेतला आणि न पिता ठेवला. वहिनीनं ते पाहिलं. तीस वर्षांत या माणसानं चहा न पिता ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

दहा चाळीसला बाईंनी पितळेची छोटी हातोडी काढली. खुंटीवर दोन टिचक्या. खुंटी पलीकडून बाहेर आली आणि बाईंनी ती वाटीत ठेवली. मग मूठ डाव्या हातात उभी धरून त्यांनी उजव्या मुठीनं स्वतःच्याच मनगटावर ठोसा मारला. एक. दोन. दादांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या मनगटाकडं गेला. तिसऱ्या ठोशाला पातं मुठीत सैल झालं. बाईंनी मूठ काढून घेतली.

पहिली बाजू वर होती. ती काळी होती, पण काजळीसारखी नव्हे. पिकलेल्या जांभळासारखी, खोल, तेलकट, शांत. त्या काळ्यात पाच अक्षरं छिनीनं कोरलेली होती, आणि त्यांच्या तळाशीही तोच काळा रंग साचला होता.

"हा गंज," बाई कुजबुजल्या. "याला कोणी कधी हात लावत नाही. पातं घासतात, उजळतात, पण हे कधीच नाही. वय सांगतो तो हा. अशी शाई विकत मिळत नाही. शतकं लागतात." त्यांनी सहीवर भिंग धरलं. "नाव तेच. हात दुसऱ्या पिढीचा वाटतो. पण बाप म्हातारा झाला की त्याच्या नावानं मुलगाच सही कोरायचा, म्हणून नुसत्या सहीवर नको जायला. तारीख बघू."

त्यांनी पातं उलटवलं.

मागची बाजू तपकिरी होती, विटेच्या भुकट्यासारखी. पातळ, कोवळा गंज, आणि त्याखाली कागदानं घासल्याचे आडवे ओरखडे. मधला भाग सपाट होता. अक्षरं असावीत तिथं ताटलीसारखी सफाई.

बाई खुर्चीत बसल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

"आधीच्या मालकानं असेल," धाकटा म्हणाला. "छावणीत वगैरे..."

"हा गंज दहा-पंधरा वर्षांचा आहे."

"मग बाबांनीच?" ताईंचा आवाज चिरकला. "नाही. बाबा याला निसण्याचा दगडसुद्धा लावू द्यायचे नाहीत. कोण मूर्ख असा..."

"आणि इथं बघा," बाईंनी पुन्हा पहिली बाजू वर केली. सहीच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा भाग फिका होता. तीन ओरखडे, बस. "ही बाजूही सुरू केली होती. तीन हात मारले आणि थांबला. का थांबला असेल?"

खोलीतून समोरच्या भिंतीवरची बाबांनी रंगवलेली ओळ दिसत होती. पोरं कामाला लागली त्या वर्षी त्यांनी ती स्वतः रंगवली होती. गंज म्हणजे आळस.

दादा त्या ओळीकडं बघत म्हणाले,

"मनगट धरलं बाबांनी. म्हणून थांबलो."

दादा पुढं बोलत राहिले.

"पंचाहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी. भेट द्यायची होती त्यांना. पात्याला हात लावायचा नाही हे माहीत होतं. शेपटीचं कोणी काही सांगितलं नव्हतं. मूठ सैल लागली, काढून बघितली तर आत हा गंज. म्हटलं, बाबांच्या वस्तूला गंज? आपल्या कारखान्यात? पॉलिश पेपर घेतला आणि बसलो. चांगली चकाकवली एक बाजू. उलटी केली आणि तेवढ्यात ते मागून आले." दादांनी उजवा हात पुढं केला, जणू खूण अजून दिसत असेल. "ओरडले नाहीत. नुसतं घट्ट धरलं. म्हणाले, राहू दे. मग स्वतः मूठ बसवली, खुंटी घातली, कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. राहू दे, हे दोन शब्द. त्यानंतर माझ्याशी एकही नाही."

"आणि तू गप्प राहिलास," ताई म्हणाल्या.

"हो."

"आम्ही हिला..." ताईंचं बोट वहिनीकडं निम्मं उठलं आणि तिथंच थांबलं.

"हो."

"अकरा वर्षं! मेल्या, अकरा वर्षं मी हिला सुखाचा घास खाऊ दिला नाही, आणि तू शेजारी बसून भात कालवत होतास!"

"ताई, जाऊ दे," धाकटा म्हणाला.

"काय जाऊ दे? बाबांनीही सांगितलं नाही ते?"

"सांगितलं असतं तर धंद्यात दादाचं नाव गेलं असतं," धाकटा हळू म्हणाला. "धारवाल्यानं वस्तू खराब केली, हे बाहेर कळलं की संपलं. त्यांनी राग घरात ठेवला." तो पहिल्यांदाच दादांच्या बाजूला येऊन उभा राहिला. आणि ताई, ज्या बारा वर्षांत वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या, उठून दाराशी गेल्या. तिच्या हातातला ट्रे घ्यायला लागल्या. वहिनीनं सोडला नाही.

"राहू दे," ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते कळून स्वतःच दचकली.

मग ती नवऱ्याकडं वळली. "मला वाटायचं, माझं हसणं वाईट. बारा वर्षं या घरात मी हसायच्या आधी विचार करते." आवाज चढला नव्हता. "तुमचे वडील गप्प बसले. मी बसणार नाही. मी बोलणार. रोज बोलणार. तुम्ही ऐकायचं."

"ऐकेन," दादा म्हणाले.

"आत्ता चहा प्या."

दादांनी गार चहा प्यायला.

बाईंनी या सगळ्यात मान वर केली नव्हती. त्यांनी खिडकीचा अर्धा पडदा ओढला, पिशवीतला दिवा काढून शेपटीच्या अगदी कडेला, जमिनीला टेकलेल्या उन्हासारखा धरला. "इकडे या. सगळे."

तिरक्या उजेडात सपाट भागावर सावल्या उठल्या. वरच्या टोकाला एक अक्षर जवळजवळ पूर्ण होतं. अगदी खाली आणखी दोन.

"खालची दोन म्हणजे 'आठवा महिना'. पातं पाण्यात घालायला तो महिना चांगला मानत. पाणी फार गारही नाही, कोमटही नाही." बाईंचं बोट हवेतूनच वर सरकलं. "वरचं अक्षर म्हणजे कालखंडाच्या नावाचं पहिलं. त्यांच्याकडे कालखंडाला नाव देऊन वर्षं मोजत. या लोहारांच्या काळात या अक्षरानं सुरू होणारे पाच कालखंड आहेत, पावणेदोनशे वर्षांत पसरलेले. त्यातला दुसरा असेल तर लोहार दुसऱ्या पिढीचा. तलवार मास्तरणीच्या घरची. पहिला असेल तर त्याच्या बापाच्या हातची. नंतरचे असतील तर नाव उचललेल्या कुणाची तरी."

"आणि दुसरं अक्षर?" धाकट्यानं विचारलं.

दुसऱ्या अक्षराच्या जागी सपाटी होती. दिवा हलला तशी एक रेघ भासली, की भासली नाही, हे पाचांपैकी कोणी छातीठोक सांगू शकलं नाही. दादा सगळ्यांत जवळ वाकले. एका माणसानं तीन-चारशे वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात छिनी धरून आपला दिवस लोखंडात ठेवला होता. इतकी माणसं, इतके समुद्र, एक युद्ध, एक ढीग चुकवून तो दिवस या टेबलापर्यंत धड आला, आणि आपण तो एका दुपारी प्रेमानं पुसला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते टेबलावर पडू नये म्हणून वहिनीनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

"घडण दुसऱ्या कालखंडाची आहे," बाई म्हणाल्या. "सही बहुतेक त्याच हातची. मी अहवालात 'संभाव्य' लिहीन. 'निश्चित' लिहिणार नाही."

"पुढं काय करायचं हिचं?" ताईंनी विचारलं.

"पात्याला तेल. शेपटीला काही नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही, बोट लावायचं नाही. येईल तो गंज येऊ द्यायचा."

फोटो आणि तीन पानी अहवाल पुढच्या मंगळवारी जपानला गेले. सोबत चौथं पान होतं, दादांच्या हातचं. तारीख कोणी आणि कशी पुसली ते त्यात होतं. ताईंनी ते वाचून एक शब्दही बदलला नाही आणि कपाटाची किल्ली वहिनीकडं दिली. भिंतीवरची ओळ तशीच आहे. धाकटा म्हणाला, रंग देऊ का वरून? दादा नको म्हणाले. ते रोज सकाळी चाक सुरू करायच्या आधी वहिनीकडून किल्ली मागून घेतात आणि मूठ न चढवता ठेवलेली शेपटी बघतात, तपकिरी रंग कणभर तरी गडद झाला का. या घराण्यात कोणी गंजाची वाट पाहण्याची ही पहिलीच वेळ. वहिनी शेजारी उभी राहते आणि बोलते. कालही बोलली.

एकोणिसाव्या दिवशी मास्तरणीचं उत्तर आलं. चौथ्या पानाबद्दल तिनं एकच वाक्य लिहिलं होतं: वाचलं, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढं होतं की आजोबांनी युद्धावर जाण्यापूर्वी घरातल्या तलवारींच्या शेपट्यांवरच्या अक्षरांचे शाईचे ठसे घेऊन ठेवले होते, असं तिच्या म्हाताऱ्या काकांना आठवतं. कोठीत त्या कागदांची गुंडाळी सापडली आहे. ओल लागून कागद एकमेकांना चिकटले आहेत. जाणकार माणूस एकेक सोडवतो आहे. दोन सुटले, ते दुसऱ्या तलवारींचे निघाले. तिसरा अजून सुटलेला नाही.